सुभेदाराचं चुंबक

मानसिंगला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हा माणूस खुर्चीत टेकला की लगेच उठणार, गोठ्यात डोकावणार, मोटारीचा खटका तपासणार, परत येणार आणि खुर्ची वाकडी ठेवलीय म्हणून ती सरळ करून पुन्हा उभाच राहणार. कातळवाडीतली माणसं म्हणायची, सुबेदाराच्या पायाला भिंगरी हाय. त्याची बायको विजयमाला म्हणायची, पायाला न्हाई, टकुऱ्याला हाय.

पण गेल्या मार्गशीर्षापासून ती भिंगरी तिलाही लागली होती. पाटणच्या वरच्या अंगाच्या या वाड्यांना जमीन हलणं काही नवं नाही. धरण जवळ, आणि सदुसष्टच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकतच इथली पोरं मोठी होतात. फडताळातली भांडी वाजली की माणसं अंगणात येतात, एकमेकांना ‘जानवलं का?’ विचारतात आणि चहा टाकायला आत जातात. मार्गशीर्षातल्या त्या धक्क्याने मात्र देवघराशेजारच्या भिंतीला आढ्यापासून जमिनीपर्यंत चीर पाडली, आणि नेमकी त्याच भिंतीला पाठ लावून विजयमाला वाती वळत बसली होती. लागलं काहीच नाही. पण त्या दिवशी तिचं अंथरूण ओसरीवर गेलं ते गेलंच. थंडी सरली, उन्हाळा सरला, पावसाची झड तिरकी येऊन गोधडी भिजवायला लागली, तरी बाई आत निजायला तयार नाही. उशाला पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायची आणि घडीघडीला त्यात बघायची. पाणी थरथरलं की ही उठून अंगणात.

मानसिंगने सिमेंट भरून चीर बुजवली, वरून रंग दिला, तरी काही फरक नाही. एक दिवस तो वैतागला.

“आगं, ट्रक गेला तरी त्यातलं पानी हलतंय. फुलपात्रावर कसला इस्वास ठिवतीस?”

“मग कशावर ठिवू? तुमच्या रंगावर?”

श्रावण लागला तसं तिने सांगूनच टाकलं. त्यांची लेक सृष्टी सांगलीला राहत होती, नवरा-बायको दोघंही नोकरीला, फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी. “दसऱ्यापतोर बगते. न्हाईतर मी सृष्टीकडं जाते. कायमची. तुमास्नी यायचं तर या.”

“सांगलीला? आगं, तिथं नदी घरात येती!”

“नदी सांगून तरी येती. आदी भोंगा फिरवत्यात, मग येती. ही जिमीन कुनाला सांगती?”

उमेदीची सगळी वर्षं मानसिंगने घरापासून लांब काढली होती. सुट्टीवर यायचा, बायकोशी जरा कुठे सुरात बोलणं सुरू व्हायचं तोवर ट्रंक भरायची वेळ यायची. आत्ता कुठे दोन वेळेला तिच्या हातचा चहा मिळायला लागला होता, तिची टोमणे मारायची तऱ्हा कळायला लागली होती, आणि आता ती निघाली. फ्लॅटमध्ये आपण आठवडाभरही टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि तिच्यावाचून या घरात? त्याचा विचार मनात आला की तो उठून गोठ्यात जायचा.

शेवटी त्याने ठरवलं की जमीन स्थिर आहे हे हिला दाखवूनच द्यायचं. फौजेत त्याने जन्मभर वायरलेस सेट उघडून दुरुस्त केले होते, हाताला तारांची सवय होती. मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघितले आणि घरीच भूकंपमापक बनवायला घेतला.

खताची पोती ठेवायची मागची खोली त्याने रिकामी केली. फरशी उकरली तर खाली कातळ लागला. त्या कातळात एक खांब रोवला आणि खांबाला, गोठ्याचं फाटक अडकवावं तसा, पितळेचा एक आडवा दांडा अडकवला. दांड्याच्या टोकाला शिशाचं वजन. फाटकाचा खांब जरासा कललेला असला की फाटक कुठूनही सोडलं तरी झुलत झुलत एका ठरलेल्या जागी येऊन थांबतं, तसंच हेही. जमीन हलली की खांब तिच्याबरोबर हलतो, पण जड वजन जागचं हलायला कुरकुरतं. त्या दोघांमधला फरक तारेची एक गुंडाळी टिपायची आणि सृष्टीने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर तिची रेघ उमटायची.

पहिल्या दिवशी रेघ उमटली आणि थांबायचं नावच घेईना. दांडा एकदा झुलायला लागला की झुलतच राही. शेजारची हरणाबाई उंबऱ्यात नुसती येऊन उभी राहिली तरी पडद्यावर पार डोंगरदऱ्या. झुलणाऱ्या दांड्याला आवर घालायला हवा होता, आणि त्याला लागतं चुंबक.

तालमीच्या अडगळीत गणपतीतले फुटके लाउडस्पीकर पडले होते, त्यांच्या पोटातून मानसिंगने दोन जाडजूड चुंबकं काढली. तांब्याचा पत्राही हवा होता. माळ्यावर एक गळकं घंगाळ होतं, त्याचं बूड त्याने कापलं. विजयमाला दळण आणायला गेली होती, ती परत आली आणि बघते तर काय.

“माझ्या आईनं दिलेलं घंगाळ!”

“गळत हुतं.”

“गळतंय त्ये कापायचं म्हनलं तर ह्या घरात लय कायकाय कापावं लागंल,” ती म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

तांब्याचा तो पत्रा त्याने दांड्याला बसवला आणि पत्र्याच्या दोन्ही अंगांना दोन चुंबकं, मध्ये फट ठेवून. चुंबक तांब्याला ओढत नाही, पण तांबं चुंबकांच्या मधून हलायला गेलं की त्याला अडवतं. काकवीतून पळी फिरवावी तसा दांडा जड होतो. फट मोठी असली की आवर कमी, लहान असली की जास्त. सगळी करामत त्या फटीत होती. मानसिंग मांडी ठोकून तिथं बसायचा, चुंबकामागे पत्त्याच्या पानाचा तुकडा सरकवायचा, दांड्यावर हलकेच फुंकर मारायचा, बघायचा, तुकडा काढायचा, पुन्हा फुंकर. जन्मात जो कधी बूड टेकून बसला नाही, तो त्या खोलीत जेवणाची हाक ऐकायचा नाही. आणि एका सकाळी फुंकरीबरोबर दांडा गेला, जरासा पलीकडे डोकावला, परत आला आणि गप उभा राहिला. असाच राहायला हवा असतो. मानसिंग एकटाच हसला, मग ओरडला, “आगं, ये बगाय!”

विजयमाला आली. पडद्यावर बारीक कापरी रेघ चालली होती.

“हलतंय की.”

“त्ये तसंच असतंय. वारं झाडाला झोंबतंय, घाटातनं ट्रक जात्यात, लांब समुद्राच्या लाटा आपटत्यात, त्येचं पार हितपतोर येतंय. जिमीन कायम उलीशी कापतच असती.”

मशीन कसं चाललंय हे सांगायच्या भरात आपण काय बोलून बसलो हे मानसिंगला तिचा चेहरा बघून कळलं.

“म्हंजे सारकी हलती,” ती हळूच म्हणाली. “रातंदिस हलती. आन मला समदी म्हनत्यात भास हाय.”

त्यानंतर बाईने त्या खोलीतच ठाण मांडलं. फुलपात्र तिथं आणलं, भाजी निवडायला तिथंच, चहा तिथंच. रेघेने जरा उसळी घेतली की छातीवर हात. समजूत घालायला केलेलं मशीन भीतीला रतीब घालत होतं. रात्री ओसरीवरून ती आत येऊन रेघ बघून जायची आणि परत जाऊन पडायची. मानसिंगला ते कळायचं, कारण तोही जागाच असायचा. गौरी आल्या तशा गेल्या. तिने माळ्यावरची बॅग काढून झटकून ठेवलेली त्याने पाहिली.

त्या दिवशी ती हळदीकुंकवाला हरणाबाईकडे गेली होती. मानसिंग खोलीत उभा होता. बसवेना, जाववेना. मग तो खाली वाकला आणि चुंबकामागे पत्त्याच्या पानाचा आणखी एक तुकडा सरकवला. एकच. फट केसभर लहान झाली आणि रेघेची कापरी मऊ पडली.

विजयमाला आली, पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. “आज बरं दिसतंय.”

“पाऊस वसरला न्हवं, जिमीन बसली असंल,” मानसिंग म्हणाला. इतक्या सहज बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

नवल वाटायचं तसं कारण नव्हतं. ही सवय जुनी होती. पलटणीत सकाळी हजेरी झाली की रिपोर्ट द्यायचा, ‘सब ठीक है, साब.’ कुणी तापाने फणफणलेला असो, कुणाच्या घरून वाईट बातमी आलेली असो, रिपोर्ट तोच. घरी फोन लागला की घरच्यांनाही तेच. लांबच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, एवढंच त्यामागे. फौजेतल्या अर्ध्याअधिक घरांतून हेच चालतं आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

विजयमाला त्या आठवड्यात पहिल्यांदा आत निजली. मानसिंगने तिचं अंथरूण स्वतः घातलं आणि आनंदाने त्याला झोप आली नाही. मग काय, रेघ जरा उठली की पानाचा तुकडा. पुन्हा उठली की आणखी एक. सरतेशेवटी पत्रा दोन्ही चुंबकांना घासायच्या बेतात आला, आणि दांडा फुंकरीलाच काय, बोटालाही दाद देईना. पडद्यावर आखणीच्या पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ. दसरा आला आणि गेला. बॅग माळ्यावर गेली. विजयमालाने फुलपात्र घासून देव्हाऱ्यात ठेवलं. “आता काय करायचंय त्येचं? मशीन हाय की,” ती हरणाबाईला म्हणाली, आणि वर मान करून, “आमच्या ह्यांनी सोता केलंय.”

मानसिंगने ते ऐकलं आणि उठून उसाला पाणी सोडायला गेला. पाणी खरं तर कालच दिलं होतं.

दिवाळीच्या आधीच्या एका दुपारी तो मोटारसायकलवरून पाटणला खत बघायला गेला होता. परत आला तर विजयमाला मागच्या खोलीच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. चहा दिला, पाणी दिलं, आणि मग अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं, “आवं, आपलं मशीन कदी चुकतंय का वो?”

मानसिंगला वाटलं ही खात्री करून घेतेय. त्याने कप खाली ठेवला. “चुकायला काय झालं? तार तार मी जोडलीया. न्हाई चुकत.”

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती गप्पच झाली. टोमणे मारीना, घंगाळावरून भांडेना. मीठ कमी पडलं तरी तिच्या लक्षात येईना. बोलता बोलता मध्येच थांबून जमिनीकडे बघायची आणि मग स्वतःलाच मान हलवून नाही म्हणायची. मानसिंग गोठा ते ओसरी, ओसरी ते गोठा अशा फेऱ्या घालायचा. आणि एका संध्याकाळी ती फोनवर सृष्टीशी बोलताना त्याच्या कानावर पडलं, “तुझ्या वळखीची ती डोक्याची डॉक्टरीन हाय न्हवं? तिला दावून घ्यावं म्हनते.”

फोन ठेवला तसा तो पुढे झाला. “काय झालंय तुला?”

“डोकं फिरलंय माजं.” ती शांतपणे बोलत होती, आणि तेच त्याला ऐकवेना. “तुमी पाटनला गेल्तासा त्या दिवशी मी तांदूळ निवडत हुते. ताटं वाजली. बुडाखाली घरघरलं. मला वाटलं, झालं, आली. पळत जाऊन मशीन बघितलं तर रेग सरळ. इतकीशी बी हलली न्हाई. हरणाबाईला इचारलं, ती शेतात गवत कापत हुती, तिला काय ठावं न्हाई. बाकी वाडी बी रानातच हुती. तुमास्नी इचारलं, तुमी म्हनला मशीन चुकत न्हाई. मग चुकलं कोन? आदी बी समदी म्हनतच हुती भास हाय म्हनून. आता मशीननं बी सांगितलं.”

मानसिंग बाहेर आला, अंगणात उभं राहून त्याने मोबाइलवर शोधलं. बातमी होती, दोन ओळींची. त्या दुपारी कोयना खोऱ्यात सौम्य धक्का, नुकसान नाही.

तेव्हाच आत जाऊन सांगायचं होतं. तो उंबऱ्यापर्यंत गेलाही. पण सांगितलं तर काय होणार ते त्याला समोर दिसत होतं: बॅग खाली, अंथरूण बाहेर आणि ही सांगलीला. आणि नाही सांगितलं तर? तर ही आपल्या मनाने वेडी ठरून औषधाच्या गोळ्या खाणार. जाणाऱ्या बायकोपेक्षा वेडी झालेली बायको बरी, असं कोणता माणूस म्हणेल? तो म्हणत नव्हता. पण ‘उद्या सांगू’ म्हणत होता, आणि दोन्हींत फार अंतर नव्हतं. स्वतःची त्याला शिसारी आली. तरीही तो उंबऱ्यावरून मागे फिरला आणि जनावरांना वैरण टाकायला लागला.

उद्या उद्या म्हणता सांगलीला जायचा दिवस उजाडला.

एसटीत विजयमाला खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर धरून, इस्पितळात निघालेल्या शहाण्या रोग्यासारखी. मानसिंग तिच्या शेजारी कधी बसत होता, कधी उठून उभा राहत होता. कंडक्टर दोनदा म्हणाला, “पाव्हनं, जागा हाय तर बसा की.” कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं चहाच्या गाड्यापाशी त्याने घसा साफ केला. “आगं, मला काय म्हनायचंय...”

“काय?”

“काय न्हाई. बिस्कुट घेऊ का?”

पेठ नाका गेला, आष्टा गेलं, दोन्ही बाजूंना ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं पडलेली, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत होती. मानसिंगला वाटत होतं, अशीच रखडावी. आणि मग वाटत होतं, एकदाची पोहोचावी.

सृष्टी दवाखान्याच्या दारातच उभी होती. आईचा हात धरून तिने आत नेलं. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, चष्म्याच्या, घाई नसलेल्या. विजयमालाने सगळं सांगितलं, मार्गशीर्षापासून तांदळापर्यंत, काही लपवलं नाही. ओसरी सांगितली, फुलपात्र सांगितलं.

“आणि त्या दिवशी ताटं वाजली, तेव्हा घरात अजून कुणी होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“न्हाई. पर मशीन हाय आमच्यात, जिमीन मोजायचं. त्येनं कायबी दावलं न्हाई. त्ये चुकत न्हाई बगा. ह्यांनी सोता केलंय, फौजेत इंजिनेरीत हुते ना.” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात तजेला आला, आणि तो त्याच्याबद्दल बोलताना आला.

मानसिंग खुर्चीतून उठला. या वेळी त्याला गोठा नव्हता.

“डॉक्टर, त्या दिवशी जिमीन हलली हुती,” तो म्हणाला.

तिघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“ही बातमी हाय.” त्याने मोबाइल पुढे धरला. “मशीनला चुंबकं असत्यात. ती जवळ सरकवली की दांडा हलत न्हाई. मी सरकवली. मुद्दाम. दांडा जखडून टाकला मी. हिला बरोबर कळलं हुतं.”

“पप्पा!” सृष्टी म्हणाली.

विजयमालाने वळून पाहिलं नाही. समोर डॉक्टरीणबाईंकडेच बघत तिने विचारलं, “कवापासनं?”

“गौरी गेल्यापासनं.”

मग ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “म्हंजे मी यडी न्हाई.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “भीती बसलीय तुमच्या मनात, आणि ती बसायला कारण आहे. झोप उडाली तर या, आपण बोलू. भीतीवर इलाज आहे. पण भास नाही हा.”

विजयमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या महिन्यांत ती रडली नव्हती.

बाहेर येऊन ती आवारातल्या बाकावर बसली. सृष्टी रिक्षा बघायला गेली. मानसिंग उभा होता, बसायची त्याची हिंमत होत नव्हती.

“बसा,” ती म्हणाली. तो बसला. “एक इचारते. तिकडनं फोन करायचासा, बर्फातनं. कायम म्हनायचा, सब ठीक. तवा बी चुंबक असंच जवळ सरकवलेलं असायचं का?”

मानसिंग बोलायला लागला, पायांकडे बघत. वरच्या चौकीत त्याचा जोडीदार होता, जतकडचा, बिरदेव नावाचा. कानडी गाणी म्हणायचा आणि मानसिंगच्या वाटणीची साखर चोरायचा. एका पहाटे कडा कोसळला आणि बिरदेव झोपला होता तो अर्धा तंबू बर्फाखाली गेला. “फावड्यानं काढला त्येला. माज्या हातानं. त्याच दिवशी दुपारच्याला फोनचा नंबर लागला. तुला म्हनलं, सब ठीक हाय.”

“आन मी काय म्हनले?”

“बरं हाय म्हनलीस. सृष्टी खेळती म्हनलीस.”

विजयमाला रस्त्याकडे बघत म्हणाली, “त्याच हप्त्यात गोठ्याची भिंत बसली हुती, धक्क्यानं. सृष्टी त्या भिंतीच्या अल्याड खेळत हुती. हातभर अल्याड. तुमी लांब, तुमच्या जिवाला घोर नको म्हनून बरं हाय म्हनले.” तिने पदराने तोंड पुसलं. “लय वर्सं झाली, कुनाला सांगितलं न्हाई.”

सृष्टी रिक्षा घेऊन आली. “आई, घरी चल. राहा आता माझ्याकडेच.”

“आज न्हाई,” विजयमाला उठली. “आदी त्ये चुंबक माज्या म्होरं मोकळं व्हाया पायजे. मग ऱ्हायाचं का यायाचं, माजं मी ठरवीन.” आणि मानसिंगकडे बघून, “तुमी न्हाई.”

परतीच्या गाडीत मानसिंग कातळवाडीचा फाटा येईपर्यंत जागचा हलला नाही.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. चहासुद्धा न टाकता ती सरळ मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मानसिंगने एक एक करून पत्त्यांचे तुकडे काढले. किती निघाले! ते जमिनीवर पडत होते आणि ती बघत होती. शेवटी दांड्यावर त्याने फुंकर मारली. दांडा गेला, जरासा पलीकडे डोकावला, परत आला आणि थांबला. पडद्यावर ती बारीक कापरी रेघ पुन्हा चालू लागली.

“ह्ये खरं?” तिने विचारलं.

“ह्ये खरं.”

तिने मान हलवली. देवघरात गेली, कुंकवाचं बोट घेऊन आली आणि चुंबक जिथं उभं होतं तिथं, त्याच्या खालच्या लाकडावर ठसठशीत टिळा ओढला, ते सरकलं की कळावं म्हणून. मग माजघरात जाऊन तिने आपलं अंथरूण गुंडाळलं आणि ओसरीवर नेलं.

मानसिंग दारात उभा राहून बघत होता. झालं, उद्या बॅग, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला गोठ्याकडे जावंसं वाटलं. पण तो आत वळला. स्वतःचं अंथरूण काखोटीला मारलं आणि ओसरीवर येऊन तिच्या अंथरुणाशेजारी टाकलं.

“तुमी कशापायी? तुमास्नी आत झोप लागती की.”

“न्हाई लागत,” मानसिंग म्हणाला. “कवाच लागली न्हाई. मला बी भ्या वाटतं.”

“जिमिनीचं?”

“जिमिनीचं बी.”

“आन?”

“तू जाशील, ह्येचं.”

विजयमालाने त्याच्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा पाहत असावी, तसं. मग वाकून तिने मच्छरदाणी उलगडली आणि तिची एक दोरी त्याच्या हातात दिली.

“मग धरा ही. त्या अंगच्या खिळ्याला बांदा. आन जरा ढिली बांदा, जखडू नगा.”